हनीमूनवरूनच वाजायला लागलंय, पुढे कसं होणार?

मी विवाह समुपदेशक आहे, आणि लग्न ठरलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. साखरपुड्यापर्यंत सगळं सुरळीत चाललेलं असतं. हॉल, केटरर, आहेर, पत्रिका हे सगळं घरातली मोठी माणसं बघत असतात. दोघांनी मिळून ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे हनीमून, आणि नेमकी तिथेच ठिणगी पडते. रात्री उशिरापर्यंत चाललेलं चॅटिंग 'तुला हवं ते कर' या वाक्यावर संपतं आणि दोन दिवसांनी दोघांपैकी कुणीतरी मला फोन करतं. "मॅडम, साध्या ट्रिपवर आमचं एकमत होत नाही, संसार कसा करणार?"

मी प्रत्येकाला आधी हेच सांगते की भांडण झालं म्हणून घाबरू नका. ते कशावरून झालं हे मात्र शोधून काढा. ज्या गोष्टीवरून वाजतंय असं दोघांना वाटत असतं, ती बहुतेक वेळा वरवरची असते.

अशाच एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघंही पुण्याचे, नोकरी करणारे. कांदेपोहे होऊन ठरलेलं लग्न. लग्न मार्चमध्ये आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काश्मीर. ठिकाणाबद्दल दोघांचं दुमत नव्हतंच. श्रीनगरची ट्युलिप बाग बघायची, दल सरोवरावर राहायचं, हे तिचं शाळेपासूनचं स्वप्न होतं. तिचं स्वप्न आपण पुरं करतोय याचा त्यालाही आनंद होता.

पहिल्या भेटीला येताना त्याने एक्सेल शीट छापून आणली होती. सहा रात्री, सात दिवस. विमानातून उतरल्याच्या संध्याकाळी शिकारा. दुसऱ्या दिवशी ट्युलिप, चश्मेशाही, निशात, शालिमार. मग गुलमर्ग आणि तिथला गोंडोला रोपवे, सोनमर्ग, दोन दिवस पहलगाम. प्रत्येक दिवसाच्या रकान्यात पहिली ओळ 'स. ६.३० उठणे' अशी होती.

"एवढं सगळं मी एकट्याने केलं," तो म्हणाला. "हाउसबोटीचा ॲडव्हान्सही भरला. आधी ही 'मस्त' म्हणाली. मग आठवड्याभराने म्हणते, हॉटेलच बरं. का, तर पाण्याला वास येतो म्हणे. मी तिला रिव्ह्यू पाठवले. मग म्हणाली, रात्री थंडी असेल. मी मालकाला फोन केला, बुखारी म्हणजे खोली तापवायची शेगडी आहे, इलेक्ट्रिक ब्लँकेटही आहे. मग म्हणाली, आईला काळजी वाटते. त्यानंतर मेसेजला उत्तरच नाही."

ती मान खाली घालून बसली होती. "मला भांडायचं नाहीये," एवढंच म्हणाली.

ही लक्षणं ओळखायला शिका, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते. समोरचं माणूस एकामागून एक किरकोळ कारणं पुढे करत असेल आणि तुम्ही ती एकेक करून खोडत असाल, तर थांबा. खरं कारण अजून बाहेर आलेलंच नाही. तुम्ही जितक्या हुशारीने कारणं खोडाल, तितकं ते आत दडून बसेल. हा मुलगा प्रेमळ होता, कष्टाळू होता, आणि त्याच कष्टाळूपणामुळे तिला बोलायला जागा उरत नव्हती.

आईच्या काळजीबद्दल आधी बोलते, कारण ते कारण किरकोळ नव्हतं. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये झालेल्या हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले पर्यटकही होते. त्यानंतर ज्या घरात काश्मीरचं नाव निघतं, तिथे कुणाच्या तरी पोटात गोळा येतोच. अशा वेळी 'आई, तू उगाच घाबरतेस' असं म्हणू नये. ही रास्त काळजी आहे. जाण्याआधी प्रशासनाच्या सूचना बघायच्या, कुठल्या जागा खुल्या आहेत याची खात्री करायची, स्थानिक माणसांशी बोलायचं, रोजचा एक फोन ठरवायचा, आणि एवढं करूनही मन धजावत नसेल तर ठिकाण बदलायचं. नैनीतालचं तळंही एप्रिलमध्ये सुरेखच असतं. माझा आग्रह एवढाच की हा निर्णय दोघांनी घ्यावा आणि मग दोघांनी मिळून आईला सांगावा. मुलीने आईची बाजू घ्यायची आणि मुलाने ट्रिपची, अशी वाटणी झाली की आई विनाकारण भांडणाचं कारण ठरते.

आईचा फोन लागला नाही तर ती किती कासावीस होते हे मला पुरेपूर माहीत आहे, म्हणून एक गोष्ट मी आवर्जून सांगते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. या जोडप्यात दोघांचीही कार्डं प्रीपेड होती. शीटमध्ये गोंडोलाच्या ऑनलाइन तिकिटाची ओळ होती, याची नव्हती.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी शीट बाजूला ठेवायला सांगितली. दोघांना म्हटलं, "हाउसबोटीवरची पहिली रात्र आहे. जेवण झालंय. साडेनऊ वाजलेत. आता काय चाललंय ते मला सांगा. प्लॅन सांगू नका, डोळ्यांसमोर काय दिसतं ते सांगा."

हा प्रश्न मी बऱ्याच वर्षांपासून विचारत आले आहे आणि तो मी मुद्दाम इतका साधा ठेवला आहे. माणूस 'मला भीती वाटते का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणतं. त्याच माणसाला खोली दाखवली, वेळ दाखवली, की भीती आपोआप त्या खोलीत येऊन बसते.

तो लगेच म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बागा बघायला लवकर निघायचंय, त्यामुळे झोपणार."

ती ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "रात्री शिकारा मिळतो का?"

"रात्री कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. पण मिळतो का?"

दलवरची हाउसबोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती कुठे जात-येत नाही, एका जागी बांधलेली असते. आत देवदाराचं कोरीव काम, गालिचे, दिवाणखाना, सगळं घरासारखं. पण दलवरच्या बहुतेक हाउसबोटींना काठाशी जोडणारी वाट नसते. काठावर यायचं तर शिकारा बोलवावा लागतो. फोटोत हे रम्य दिसतं. तिने मात्र त्या फोटोत दार शोधलं होतं.

"हॉटेल असलं तर खाली लॉबीत तरी येऊन बसता येतं," ती म्हणाली.

मुलाचा चेहरा उतरला. "तुला माझी भीती वाटते?"

"तुझी नाही. तू चांगला आहेस. पण आपण किती वेळा भेटलोय? आणि सगळ्यांनी धरूनच चाललंय की त्या रात्री... मावशीने तर मला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. मला जमलं नाही तर? मला नुसतं दहा मिनिटं एकटं बसावंसं वाटलं तर मी कुठे जाणार?"

मी त्याला तेव्हा काहीही सुचवलं नाही. अशा क्षणी समुपदेशकाने बोलण्याचा मोह आवरायचा असतो. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "मी सांगू का, मी ते एवढं सगळं का भरलंय? दिवसभर फिरलो तर बोलायला काहीतरी असतं. संध्याकाळी सात ते झोपेपर्यंत तुझ्याशी काय बोलायचं, हेच मला सुचत नव्हतं. तुला कंटाळा आला तर, ही धास्ती."

ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली. "मला पण नाही सुचत," म्हणाली.

त्या दोन वाक्यांनंतर हाउसबोटीचं भांडण उरलंच नाही. साडेसहाला उठवणारा मुलगा आणि सबबी सांगणारी मुलगी, दोघंही एकाच संध्याकाळला घाबरले होते. एकजण ती संध्याकाळ फिरण्याने भरून टाकत होता, दुसरी तिच्यातून बाहेर पडायची वाट शोधत होती.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, रुजवली, आणि माझं सगळं काम त्या पायावर उभं आहे. एलिस यांचं म्हणणं असं की प्रसंग आपल्याला जितकं छळतो त्याहून जास्त छळतात त्या प्रसंगाकडून आपण केलेल्या मागण्या. इच्छा असणं छान आहे. इच्छेची सक्ती झाली की तिची भीती होते. या मुलीची सक्ती होती, 'पहिल्याच रात्री सगळं नीट व्हायला हवं, नाही झालं तर माझ्यात खोट आहे.' मुलाची होती, 'तिला क्षणभरही कंटाळा येता कामा नये, आला तर मी नवरा म्हणून कुचकामी.' मी दोघांना ही वाक्यं कागदावर लिहायला लावली आणि त्याखाली तीच गोष्ट सक्ती काढून लिहायला सांगितली. मुलीने लिहिलं, 'आमच्यात जवळीक यावी असं मला वाटतं. तिला वेळ लागला तर चालेल.' मुलाने लिहिलं, 'तिला मजा यावी असं वाटतं. ती कंटाळली तर मी तिला विचारेन.' वाचायला सोपी वाक्यं आहेत, पण ती एकमेकांसमोर मोठ्याने वाचताना दोघांचाही आवाज कापत होता.

लग्न ठरलेल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शरीरसंबंधाबद्दल निघण्याआधी बोला. कधी, हे ठरवण्याची गरज नाही. 'दोघांना वाटेल तेव्हा, आणि कुणीही कधीही थांब म्हणू शकतं' एवढं स्पष्ट झालं तरी निम्मं दडपण उतरतं. ठरवून केलेल्या लग्नात पहिल्या काही दिवसांत नुसत्या गप्पा झाल्या, हातात हात घेऊन झोप लागली, यात कमीपणा काहीही नाही. गर्भनिरोधनाचा विचार दोघांनी करायचा, तो एकट्या मुलीवर टाकू नका. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीच्या सल्ल्याने केमिस्टकडून आणू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. आणि ट्रिपमध्ये पाळी आलीच तर ट्रिप फुकट गेली असं कुणी समजू नये.

लग्न आणि प्रवास यांच्यात श्वास घ्यायला जागा ठेवा. आपल्याकडे हळद, लग्न, सत्यनारायण, गोंधळ, जेजुरी किंवा तुळजापूरचं दर्शन, जवळच्या नातेवाइकांकडची केळवणं आणि जेवणं. एवढं उरकून माणूस विमानात बसतं तेव्हा त्याला सगळ्यात आधी झोप हवी असते. ती झोप मिळाली नाही की तिसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून रडारड होते.

वसंतातल्या काश्मीरची एक अडचण सगळ्यांनी समजून घ्यावी, कारण तिच्यावरून जोडपी हमखास दुखावतात. ट्युलिप बाग साधारण मार्चच्या अखेरीपासून तीन-चार आठवडेच खुली असते. नेमकी तारीख त्या वर्षीच्या हवामानावर ठरते. श्रीनगरच्याच बदामवारी बागेतला बदामाचा बहर त्याच्याही आधी, मार्चमध्ये येतो आणि लवकर झडतो. शिवाय मार्च-एप्रिल हे तिथले पावसाचे महिने. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी रांगोळीसारख्या रांगा बघायला जावं आणि धो धो पाऊस लागावा, हे अगदी शक्य आहे. 'ट्युलिप दिसले नाहीत तर हनीमून वाया' असं मनाशी पक्कं केलेलं असेल, तर पावसाचा राग जोडीदारावर निघतो. म्हणून बागेसाठी एक दिवस ठरवा आणि एक दिवस राखीव ठेवा.

या दोघांनी शीट फाडली नाही, कारण त्याची मेहनत तिलाही मोलाची वाटत होती. दोघांनी मिळून ती दुरुस्त केली. सोनमर्ग काढलं. पहलगामचा निर्णय तिथे पोहोचल्यावर, त्या वेळची परिस्थिती बघून घ्यायचा असं ठरवून तिच्या आईला दोघांनी एकत्र फोन केला. पहिल्या रात्री बुलेवार्ड रोडवरच्या हॉटेलात, समोर दल आणि खाली लॉबी. हाउसबोटीच्या मालकाला त्याने सरळ विचारलं, तर तो तारीख पुढे न्यायला लगेच तयार झाला आणि त्यानेच सुचवलं की निगीन सरोवराच्या काठाला लागून असलेल्या काही बोटींवर रस्त्याने चालत जाता येतं, तिथे शिकाऱ्याची गरज पडत नाही. तशी एक बोट त्याच्या भावाची होती. 'स. ६.३० उठणे' ही ओळ एका दिवशी मात्र राहिली, तीही तिच्या आग्रहाने. पहाटे दलवर भरणारा भाजीबाजार तिला बघायचा होता.

परत आल्यावर दोघं मला भेटून गेले. गुलमर्गच्या दिवशी पाऊस होता, गोंडोला बंद. दिवसभर खोलीत बसून कहवा पीत पत्ते खेळले, असं तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. पहलगामला गेले नाहीत. निगीनवर एक रात्र राहायचे ते तिच्या सांगण्यावरून दोन रात्री राहिले. बाकीचं मी विचारलं नाही. त्यांना तेव्हा वेगळंच काही बोलायचं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की एवढ्यात वेगळं घर घेऊ नये, आणि यावर आपलं नेमकं मत काय हे दोघांनी आधी एकमेकांना सांगितलं होतं, मग माझ्याकडे वेळ मागितली होती.