'जॉरे फिनी' म्हणजे 'झालं असेल' की 'झालं की'?

प्रश्न असा आहे: मुलगी बारावीला फ्रेंच घेऊन शिकते. तिच्या वहीत 'काँ जॉरे फिनी मे दव्वार, ज सॉर्तिरे' या वाक्यासमोर 'माझा अभ्यास झाला की मी बाहेर जाईन' असं लिहिलेलं आहे. मराठीत 'झाला' हा भूतकाळ, मग फ्रेंचमध्ये तिथे भविष्यकाळ कसा? आणि या काळाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर फ्रेंचच्या पुस्तकापेक्षा आपल्या मराठीतच जास्त सापडतं.

आधी नाव. फ्रेंचमध्ये या काळाला 'फ्यूत्यूर आँतेरिअर' म्हणतात. आपल्या शाळेतल्या व्याकरणात याला सगळ्यात जवळचा आहे तो पूर्ण भविष्यकाळ, म्हणजे 'लिहिलं असेल', 'गेली असेल' ही रूपं. हा शब्द चुकीचा नाही. पण फ्रेंच नावात 'पूर्ण' हा अर्थच नाही. 'आँतेरिअर' म्हणजे आधीचा. पुढे दोन गोष्टी घडणार आहेत आणि त्यांतली जी आधी उरकणार तिचा हा काळ. म्हणून वहीत 'आधीचा भविष्यकाळ' असं लिहिलं तर मुलीला तो कुठे वापरायचा हेही नावातूनच कळेल.

आता 'झाला की'. पाऊस थांबला की निघू. आई आली की जेवू. या वाक्यांतला पाऊस अजून थांबलेला नाही, आई अजून आलेली नाही, तरी आपण बिनदिक्कत 'थांबला', 'आली' म्हणतो. मराठीला इथे काम पुरं होण्याशी मतलब आहे, ते कधी पुरं होणार ते पुढचं 'निघू' सांगतं. इंग्रजीतही या जागी भविष्यकाळ येत नाही. फ्रेंच मात्र हिशेबाला काटेकोर. थांबणं पुढे व्हायचं आहे ना, मग तिथेही भविष्यकाळ हवा. निघण्याच्या आधी व्हायचं आहे ना, मग 'आधीचा' हवा. 'दे क ला प्ल्वी ऑरा सेसे, ओं पार्तिरा.' शब्दाला शब्द लावायचा तर 'पाऊस थांबलेला असेल तेव्हा निघू'. मराठीत असं कुणी बोलत नाही, पण चूक म्हणता येणार नाही.

आपल्या मुलांची हमखास चूक इथेच होते. 'थांबला' डोक्यात असतं, म्हणून ती फ्रेंचमध्येही भूतकाळ घालतात: 'दे क ला प्ल्वी आ सेसे'. त्यात फ्रेंच बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवली जाते, त्यामुळे चूक आणखी पक्की होते. मुलीला एवढंच सांगा की मराठी वाक्यात 'की' आला आणि पुढचं क्रियापद भविष्यातलं असलं की थांबायचं, आणि 'थांबला'च्या जागी मनात 'थांबलेला असेल' म्हणून बघायचं. काँ, लॉर्स्क, दे क, ओसितो क, आप्रे क, यून फ्वा क या 'की', 'तेव्हा', 'नंतर' अशा अर्थांच्या सगळ्या जोडशब्दांना हे लागू पडतं.

ही रूपं बनतात कशी, ते सोपं आहे. 'आव्ह्वार' (जवळ असणं) किंवा 'एत्र' (नुसतं असणं) या साहाय्यक क्रियापदाचं साधं भविष्यकाळाचं रूप घ्यायचं आणि मुख्य क्रियापदाचं भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे 'फिनी', 'सेसे' अशी रूपं, पुढे ठेवायचं. 'एत्र'ची रूपं तर आपल्या 'असणे'शी एकेक जुळवून पाठ करता येतात: ज सरे (असेन), त्यू सरा (असशील), इल सरा (असेल), नू सरों (असू), व्हू सरे (असाल), इल सरों (असतील). 'आव्ह्वार'ची त्याच चालीवर: ऑरे, ऑरा, ऑरा, ऑरों, ऑरे, ऑरों. लिहिताना सहाही रूपं वेगवेगळी, पण कानाला मात्र तीनच ऐकू येतात. म्हणून नुसतं ऐकून पाठ करणारी मुलं लेखी परीक्षेत गडबडतात. शेपटं लक्षात ठेवायला एक जुना इतिहास उपयोगी पडतो. फ्रेंच भविष्यकाळाची शेपटं म्हणजे 'आव्ह्वार'चीच वर्तमानकाळाची रूपं आहेत, काही जशीच्या तशी, काही आखडलेली. लॅटिनमध्ये 'कान्तारे हाबेओ' (मला गायचं आहे) असं जे म्हणत, त्यातला 'हाबेओ' झिजून क्रियापदाला चिकटला. 842 सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथेत, फ्रेंचच्या सगळ्यात जुन्या लिखित नमुन्यात, 'साल्व्हाराइ' (सांभाळीन) असं रूप आहे, त्यात हे चिकटणं आधीच पुरं झालेलं दिसतं. म्हणजे 'ऑरे' या एका शब्दात 'आव्ह्वार' दोनदा बसलेला आहे!

खरी अडचण रूपांची नाही, दोन साहाय्यकांतून एक निवडण्याची आहे. मराठीत 'जवळ असणं' आणि नुसतं 'असणं' या दोन्हीला 'असणे' हेच क्रियापद, त्यामुळे निवडीची आपल्याला सवयच नाही. इथे मी मुलांना 'ने'कडे बघायला सांगतो. 'ती वर चढली असेल' याचं फ्रेंच 'एल सरा मोंते', इथे एत्र. 'तिने बॅग वर चढवली असेल' याचं 'एल ऑरा मोंते ला व्हालीझ', इथे आव्ह्वार. आपण चढणे आणि चढवणे अशी दोन क्रियापदं करतो, फ्रेंच एकाच क्रियापदाला साहाय्यक बदलून देतं. उतरणे-उतरवणे यांचंही तसंच. मराठीत कर्त्याला 'ने' लागला की बहुतेक वेळा आव्ह्वार असं धरून चालावं. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. ती झोपली, ती हसली, ती धावली, यांत 'ने' नाही, तरी फ्रेंचमध्ये तिन्ही ठिकाणी आव्ह्वारच. एत्र घेणारी क्रियापदं मोजकी आहेत: जाणं, येणं, पोचणं, निघणं, आत शिरणं, बाहेर पडणं, चढणं, उतरणं, पडणं, राहणं, जन्मणं, मरणं आणि त्यांची भावंडं. शिवाय 'म', 'त', 'स' लागून येणारी सगळी स्ववाचक क्रियापदं, मग मराठीत 'ने' असो वा नसो: 'ज म सरे लव्हे', मी उठलेलो असेन.

लिंगवचनाचा मेळ हा याहूनही रंजक भाग. 'ती गेलेली असेल' यात 'गेलेली' कर्त्याप्रमाणे, तसंच 'एल सरा पार्ती' यातही शेवटी स्त्रीलिंगाचा 'ई' (e हे अक्षर) लिहायचा. इथवर दोन्ही भाषा एका रस्त्याने जातात. पण 'तिने चिठ्ठ्या लिहिल्या असतील' हे बघा. आपल्याकडे 'लिहिल्या'ही चिठ्ठ्यांच्या मागे गेलं आणि 'असतील'ही. फ्रेंचमध्ये 'एल ऑरा एक्री दे लेत्र', म्हणजे 'ऑरा' तिच्याप्रमाणे एकवचनी राहतं आणि 'एक्री' हलतही नाही. मराठी मुलगी इथे सवयीने अनेकवचन करायला जाते, ते आवरायला हवं. मात्र कर्म आधी आलं की फ्रेंचला मराठीचा नियम आठवतो: 'ले लेत्र केल ऑरा एक्रीत', तिने लिहिलेल्या असतील त्या चिठ्ठ्या. शेवटचा 'त' ऐकू येतो तो चिठ्ठ्यांच्या स्त्रीलिंगामुळे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण आपला कर्मणी प्रयोग ज्याला पाठ आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि आता ते, ज्यासाठी मी 'असेल'वर इतका जोर देतोय. बेल वाजली की आपण म्हणतो, 'पोस्टमन असेल'. फ्रेंच माणूसही म्हणू शकतो, 'स सरा ल फाक्तर'. शब्दशः तेच, भविष्यकाळ वापरून केलेला आत्ताचा अंदाज. मग घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज करायचा तर? 'त्याची गाडी चुकली असेल': 'इल ऑरा राते सों त्रॅं.' हाच फ्यूत्यूर आँतेरिअर, आणि यात भविष्य औषधालाही नाही. रोजच्या बोलण्यात आजकाल यासाठी 'दव्वार' क्रियापद घालून 'इल आ द्यू राते' असं जास्त म्हणतात, पण जुनी पद्धत अजून वाचनात येते. 'व्हूझॉरे माल कोंप्री' म्हणजे 'तुमचा समजण्यात काही घोटाळा झाला असेल', समोरच्याला न दुखावता बोलण्याची ही रीतही दोन्हीकडे तीच. गंमत अशी की मराठीत आपण हे दोन अर्थ थोडे वेगळे राखतो. 'आठपर्यंत ती गेलेली असेल' हे पुढचं आणि 'ती गेली असेल' हा बहुधा अंदाज. फ्रेंचमध्ये दोन्हीला 'एल सरा पार्ती' हे एकच. आजूबाजूची वेळ बघूनच ठरवावं लागतं.

एके ठिकाणी मात्र 'असेल' कामाला येत नाही. वर्ष संपताना फ्रेंच वर्तमानपत्रांत 'लाने ऑरा एते दिफिसील' अशी वाक्यं दिसतात. याचं 'वर्ष कठीण गेलं असेल' असं भाषांतर केलंत तर लिहिणाऱ्याला खात्री नाही असं वाटेल. तिथे लेखक पुढच्या काळात जाऊन मागे वळून हिशेब मांडतोय. मराठीत त्याला 'वर्ष कठीण ठरलं' एवढंच पुरतं.

बारावीचा पेपर म्हणून शेवटची एक गोष्ट. 'ऑरे'च्या शेवटी एक 'एस' जास्त लागला की 'जॉरे फिनी' हे 'मी संपवलं असतं' होतं. उच्चारात फरक इतका बारीक की बरेच फ्रेंच लोकही तो करत नाहीत. अशा वेळी मुलीने वाक्य मराठीत म्हणून बघावं. 'असेल' बसलं तर 'एस' नको, 'असतं' बसलं तर हवा.