तत्त्वज्ञानाच्या गाइडचा एच-इंडेक्स कमी दिसतोय, मग बघायचं काय?

तुमचा प्रश्न असा की बडोद्यातच राहून न्याय दर्शन आणि बौद्ध तत्त्वज्ञ यांच्यातल्या वादावर पीएचडी करायचीय, ज्या सरांचा गाइड म्हणून विचार चाललाय त्यांचा गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेख शोधायच्या साइटवर, एच-इंडेक्स ६ दिसतो, आणि फिजिक्समधला मामेभाऊ म्हणतो की ६ म्हणजे काहीच नाही, त्याच्या गाइडचा ४० आहे. माझं स्पष्ट मत, नुसत्या या ६ वरून सरांना नाही म्हणू नका.

मुळात हा आकडा हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानंच २००५ मध्ये सुचवला. ६ म्हणजे सरांचे सहा लेख असे की त्या प्रत्येकाचा उल्लेख किमान सहा ठिकाणी झालाय, बस. फिजिक्समध्ये एका पेपरवर कित्येकदा दहा-वीस जणांची नावं असतात आणि सगळी सायटेशन्स, म्हणजे असे उल्लेख, प्रत्येकाच्या खात्यात जमा होतात. तत्त्वज्ञानात माणूस बहुतेक वेळा एकटाच लिहितो, एका लेखाला वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि त्याला कुणी उत्तर देईपर्यंत अजून काही वर्षं. एडमंड गेटियर घ्या ना. १९६३ मधला त्यांचा जेमतेम तीन पानांचा लेख, खरा आणि सप्रमाण विश्वास म्हणजे ज्ञान ही व्याख्या पुरी पडत नाही हे दाखवणारा, आजवर हजारो ठिकाणी उल्लेखला गेलाय. त्यांनी बाकी फारच थोडं छापलं, आणि त्या एका लेखावर एच-इंडेक्स काढला तर तो येतो १!

तुमच्या विषयात तर अजून एक गोची आहे आणि ती मला मनापासून खटकते. बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षितांचा तत्त्वसंग्रह हा संस्कृत ग्रंथ, कमलशीलांच्या पंजिका या टीकेसकट, आपल्या बडोद्यातूनच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२६ ला दोन भागांत निघाला, संपादक एम्बार कृष्णमाचार्य, आणि पुढे गंगानाथ झांचं इंग्रजी भाषांतर १९३७ आणि १९३९ ला इथूनच आलं. बौद्ध तर्कशास्त्रावर काम करणारे देशोदेशीचे लोक या आवृत्तीवर वाढलेत, पण तळटीपेत येतं काय तर ग्रंथाचं संक्षिप्त नाव आणि कारिकेचा म्हणजे श्लोकाचा नंबर, संदर्भसूचीतही नोंद बऱ्याचदा शांतरक्षितांच्या नावाखाली. पोथ्या ताडून पाठ ठरवणाऱ्या माणसाच्या खात्यात त्यातलं किती पडणार? तुमच्या सरांनी एखादा संस्कृत ग्रंथ संपादित केला असेल, किंवा परामर्श, नवभारत अशा नियतकालिकांत मराठीत लिहिलं असेल, तर ते काम स्कॉलरला नीट दिसतच नसण्याची शक्यता खूप आहे, स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसची तर बातच सोडा. त्यामुळे सरांकडून त्यांच्या लेखनाची पूर्ण यादी मागून घ्या, पुस्तकं आणि संपादनं धरून.

अर्थात कमी आकड्यामागे कधीकधी खरंच काही काम नसतं, म्हणून तपासायचं तर नीट तपासा. आधी प्रोफाइल त्यांचंच आहे ना ते बघा, जोशी-देशपांडे अशा आडनावांच्या खात्यात रसायनशास्त्राचे पेपर घुसलेले असतात. मग सगळ्यात जास्त सायटेशन्स असलेला लेख घ्या, त्याच्या खालच्या ‘सायटेड बाय’वर क्लिक करा आणि आलेल्यातले दोन-तीन लेख उघडून सरांचं नाव शोधा. ते कंसात आठ नावांच्या रांगेत एकदाच आलंय, की कुणीतरी दोन परिच्छेद खर्चून त्यांचा युक्तिवाद मांडलाय, खोडून काढायचा प्रयत्न केलाय? दुसरं असेल तर असं एक सायटेशन मला पंचवीसांपेक्षा मोलाचं वाटतं, कारण कुणी मनापासून भांडायला येतंय म्हणजे लेखात दम आहे. उलट निम्मे उल्लेख स्वतःचेच, किंवा पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधले असतील तर मात्र सावध व्हा. यूजीसीची दर्जेदार जर्नलांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झालीय, त्यामुळे कुठलं जर्नल कसं आहे हे आता स्वतःच बघावं लागतं.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक जण करतच नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे ना, तिथे गाइडच्या नावानं शोधा. सरांच्या हाताखाली झालेला एखादा प्रबंध मिळाला तर त्याचं एक मधलंच प्रकरण वाचा, प्रस्तावना नको. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, प्रामाणिकपणे मांडलाय का, मूळ संस्कृत वाचलंय की इंग्रजी भाषांतरावर भागवलंय, हे दहा पानांत कळतं. गाइड विद्यार्थ्याकडून काय करून घेतो ते तिथे दिसेल, एच-इंडेक्समध्ये नाही.

सरांना भेटायला जाल तेव्हा त्यांचा एक लेख वाचून जा आणि त्यातला न पटलेला मुद्दा सरळ विचारा. ते कसं उत्तर देतात त्यावर पुढची चार-पाच वर्षं त्यांच्यासोबत काढायची की नाही ते ठरवा.