तडा वर दिसतो, कारण खाली असतं

तुमची पोस्ट वाचून माझं २०१९ चं अख्खं वर्ष आठवलं. डेन्मार्कच्या सिरॅमिक कलाकार मेरेटे रासमुसेन यांची कामं पाहून तुम्ही स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापावर भाजायच्या मातीत, सलग पिळाचा आकार केलात. सुकेपर्यंत ठीक, बिस्कपर्यंत, म्हणजे पहिल्या कच्च्या भाजणीपर्यंत ठीक, आणि १२५० अंशांच्या भट्टीतून मात्र वरच्या वळणावर तडा घेऊन बाहेर आला, तेही तिसऱ्यांदा. सांधा अजून पक्का कसा करू, असं विचारलंय. माझं स्पष्ट मत: सांध्याच्या मागे लागू नका. (मातीच्या वळ्या लावणं, खरवडणं, स्लिप म्हणजे पातळ माती लावणं हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.)

रासमुसेन यांचा जन्म १९७४ चा, कोपनहेगनचा. शिक्षण कोल्डिंगच्या डिझाइन स्कूलमध्ये, पुढे काम लंडनमध्ये. साचा नाही, वळीवर वळी चढवून हातानं उभं केलेलं काम. कडेवरून नजर फिरवत निघालं की आतली बाजू कधी बाहेर आली ते कळतच नाही. हे जितकं देखणं, तितकंच मातीसाठी कठीण. वाडग्याचं तोंड मोकळं असतं, आकसायला वाव असतो. इथे मोकळं टोकच नाही. एक भाग अडला की तो ताण फिरत फिरत सगळ्यात नाजूक वळणावर जाऊन फुटतो.

मी आठ महिने सांधेच दुरुस्त करत बसले. पेपरक्ले (कागदाचा लगदा मिसळलेली माती) लावून पाहिली, व्हिनेगर लावलं, आतून जाड वळी भरली. त्या वळीनं जाडी असमान झाली आणि तडा आणखी रुंद झाला. चार कामं गेली. भट्टी भाड्याची होती. तिथले लोक काम थेट भट्टीतल्या शेल्फवर ठेवायचे. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, तुमची मातीच खराब आहे." पैसे दर वेळी पूर्ण घेतले. आणि मी त्यांचं ऐकून चांगली चाललेली माती बदलली! याचा राग अजून जात नाही. खाली काय ठेवलं होतं, हा प्रश्न त्यांनी काढला नाही आणि मलाही सुचला नाही.

हिशेब साधा आहे. माझी माती ओलीपासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. कामाचे दोन टेकू ३० सेंटीमीटर अंतरावर असतील तर त्यांना साडेतीन सेंटीमीटर जवळ यायचं असतं. त्यातलं निम्मंएक सुकताना होतं, उरलेलं बहुतेक मोठ्या भाजणीत. तेव्हा काम जड असतं आणि मऊही पडलेलं असतं. पाय खरबरीत शेल्फला धरून राहिले की वरचं वळण फाकतं.

उपाय: त्याच मातीची, त्याच दिवशी लाटलेली सेंटीमीटरभर जाड पाटी करा. काम पहिल्या दिवसापासून तिच्यावरच ठेवा, सुकताना आणि दोन्ही भाजण्यांत. पाटीखाली आणि पाटी-कामामध्ये अल्युमिनाची (भट्टीत न वितळणारी) भुकटी भुरभुरवा. पाटी कामाबरोबर आकसते, पाय अडत नाहीत. अधांतरी भागांना टेकूसुद्धा त्याच मातीचे द्या, विटेचे तुकडे नकोत. पाटी नंतर फेकायचीच आहे, तिथे माती वाचवू नका.

आधी तडा नीट बघा. मधे रुंद उघडलेला असेल तर मी म्हणते तेच. केसासारखा बारीक, धारदार कडांचा असेल तर भट्टी घाईनं थंड केलेली असू शकते, मग माझा सल्ला लागू नाही. माझा अनुभव ग्रॉगवाल्या, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेल्या, एकाच मातीचा आहे. तुमच्या मातीची पट्टी करा, ओली असताना १० सेंटीमीटरची रेघ मारा आणि भाजून मोजा, म्हणजे ती किती आकसते ते कळेल.

न विचारलेलं एक सांगते. फोटोत तुम्ही चकचकीत ग्लेझ (काचेसारखा लेप) लावलेलं दिसतंय. रासमुसेन रंगीत स्लिपचा एकच मॅट (बिनचमकीचा) रंग देतात, आणि मला ते फार पटतं. चमक आली की प्रत्येक वळणावर दिव्याचा पांढरा ठिपका पडतो आणि नजर तिथेच अडकते, कडेबरोबर पुढे सरकत नाही. जाड, ओघळणारं ग्लेझ आवडत असेल तर डेन्मार्कच्याच बेन्टे स्क्योटगार्ड यांचं काम बघा, पण तिथे आकारही त्या ग्लेझला साजेसे असतात. दोन्ही एकाच कामात नको.

वरच्या तड्याचा फोटो पुरे. आता काम उलटं करून तळाचा टाका, पाय शेल्फवर कुठे घासलेत ते बघू.