पोट्ट्यानं घरचं सांगतलं तं?

कापूस वेचणीचे दिवस होते, एक आई थेट वावरातून शाळेत आली, बोटांना बोंडाचे ओरखडे, अन् उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, माह्या पोट्ट्यानं घरचं सांगतलं अन् बाकीच्या लेकराइनं गावभर केलं तं?"

शाळेत चार-पाच लेकरांना एकत्र बसवून मनातलं बोलतं करायचं, म्हणजे गट समुपदेशन, ते मी घेते. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत ते म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि तो बरोबर आहे. मी तिला सरळ सांगितलं, माझ्या तोंडाची गॅरंटी देते, चार पोरांच्या तोंडाची नाही देऊ शकत. काही जण "सगळं गुप्त राहील" म्हणून पालकांची संमतीची सही घेतात, मला ते पटत नाही. आणि माझ्याही तोंडाला एक अपवाद आहे, लेकराला कोणी मारतंय किंवा नको तिथं हात लावतंय असं कळलं तर मी गप्प बसत नाही, लैंगिक त्रासाची तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं खबर द्यावीच लागते. ती जरा वेळ गप्प राहिली, मग सही केली.

गट पाच जणांचा, तिसरी-चौथीचे, दर बुधवारी अर्धा तास, आठ आठवडे. विषय 'घरची भांडणं' असा ठेवलाच नव्हता, 'राग आला की काय करायचं' असा ठेवला, आणि दोन चांगली रमलेली पोरं मुद्दाम घेतली, नाहीतर गावात लगेच "ते प्रॉब्लेमवाले पोट्टे" सुरू होतं. मधे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, एक चाक निखळलेला. ज्याच्या हातात नंदी तो बोलणार, नसेल बोलायचं तर पुढे सरकवायचा.

तिसऱ्या बुधवारी त्या आईच्या पोरानं (सोनू म्हणू) नंदी घेतला अन् म्हणाला, "काल रात्री माह्या बाबानं..." मी हळूच थांबवलं, हे इथं सांगायचं की नंतर आपण दोघंच बोलायचं? तो चाक फिरवत बसला, फिरवत बसला, मग नंदी पुढे सरकवला पण डोळ्यात पाणी आलंच. आमचं बोलणं नंतर खिचडी झाल्यावर झालं, दोघांचंच.

आणि तरी व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी हापशीवर एकानं सांगून टाकलं, "सोनू रडला." पुढच्या बुधवारी सोनू दाराशीच बसला, आत येईना. मी सांगणाऱ्याला रागावले नाही, (खरं तर मनातून चिडले होते) फक्त सगळ्यांना विचारलं, तुमचं कोणी असं सांगितलं तर? बराच वेळ कोणी नंदीला हात लावेना. मग एक पोरगी म्हणाली, "आपलं आपलं सांगायचं, दुसऱ्याचं नाई." तोच नियम झाला. माझा नियमांचा छापील कागद तसाच पिशवीत राहिला. सांगणाऱ्यानं खाली मान घालून नंदी उचलला अन् दाराशी नेऊन ठेवला. सोनू त्या दिवशी नाही आला आत, पुढच्या वेळी आला.

शेवटी-शेवटी आई भेटली, जरा नाराजच. "काय करता तुमी तिथं, मले तं काहीच सांगत नाई. विचारलं की म्हणते, नंदीले विचार."