हॉटेलातली अप्रेंटिसशिप: आधी करार दाखवा

बारावीचा निकाल लागला की वाचकांच्या पत्रांचा पहिला गठ्ठा येतो. दुसरा येतो पर्यटन हंगामाच्या तोंडावर, सप्टेंबरात. गावे बदलतात, गोंधळ मात्र एकच: हॉटेलने हातात ठेवलेले ‘ट्रेनी’चे पत्र म्हणजेच अप्रेंटिसशिप, अशी समजूत. त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरे.

बारावी कॉमर्स झालो. अप्रेंटिसशिप करून थेट हॉटेल मॅनेजर होता येईल का? (फोंडा)

थेट नाही. अप्रेंटिसशिप पुरी केलेला मुलगा किचनमध्ये कॉमी (शेफच्या हाताखालचा मदतनीस), सर्व्हिसमध्ये स्टुअर्ड (वाढपी) किंवा हाउसकीपिंगमध्ये रूम अटेंडंट म्हणून लागतो. सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर या पायऱ्या त्यानंतरच्या. मोठ्या साखळी हॉटेलांत ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ घेताना बहुधा पदवी मागतात. तेव्हा व्यवस्थापनातच जायचे असेल तर पदवी सोडू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२० मध्ये अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आपल्या कॉलेजात तशी सोय आहे का, हे फी भरण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा. पर्वरीच्या आयएचएमचा, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट संस्थेचा, मार्ग वेगळा. तिथे राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आयएचएमच्या विद्यार्थ्यांचे इंडस्ट्रियल ट्रेनिंग म्हणजे हेच ना? (पर्वरी)

नाही. ते अभ्यासक्रमाचा भाग असते.

मुलगा बारावी पास. मोपा विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ‘एक वर्षाची अप्रेंटिसशिप’ मिळाली आहे. महिना ६,००० रुपये रोख, ड्युटी बारा तास, आणि मूळ गुणपत्रिका त्यांनी ठेवून घेतली. ‘सरकारचे पैसे आले की आणखी देऊ’ म्हणतात. थांबावे का? (पेडणे)

आधी गुणपत्रिका परत घ्या. पडताळणीला मूळ कागद दाखवायचा असतो, ठेवून द्यायचा नसतो. तो अडकवून ठेवणारा माणूस शिकवायला बसलेला नाही, भर हंगामात मुलगा पळू नये एवढीच त्याची चिंता.

आता मूळ मुद्दा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली अप्रेंटिस आणि आस्थापना यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदला जातो. मुलाची स्वतःची नोंदणी, स्वतःचे लॉगिन, कराराला क्रमांक. करारात ट्रेड (कोणते काम शिकणार ते), सुरुवात आणि शेवटची तारीख, स्टायपेंड हे सगळे असते. उमेदवार अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते. यातले काही नसेल तर लेटरहेड कितीही गुळगुळीत असो, ती अप्रेंटिसशिप नव्हे. ऑक्टोबर ते मार्च स्वस्तात हात मिळावेत, पावसाळा लागला की ‘ट्रेनिंग संपले’ म्हणावे, एवढाच तो हिशेब.

स्टायपेंडचे म्हणाल तर २०१९ च्या नियमांनी ठरवलेली किमान रक्कम दहावी पाससाठी ६,००० आणि बारावी पाससाठी ७,००० रुपये होती. म्हणजे तुमच्या मुलाला देऊ केलेली रक्कम त्या जुन्या दरालाही पोचत नाही. दर बदलत असतात, म्हणून आज लागू असलेला आकडा सहीच्या आधी विचारून घ्या. महिन्याचा स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचा असतो. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये उचलते आणि तो वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. त्यासाठी खाते आधारशी जोडलेले हवे. हॉटेलने आपला वाटा त्या पैशांसाठी अडवून ठेवण्याचे कारणच नाही. ‘सरकारचे आले की देऊ’ ही निव्वळ थाप.

बारा तासांचेही तसेच. अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घ्यायला अप्रेंटिसशिप सल्लागाराची (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची) मंजुरी लागते आणि ती प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच मिळते. लग्नाच्या बँक्वेटला माणसे कमी पडली, हे काही प्रशिक्षणाचे हित नव्हे. शिवाय उद्या फ्रायरचे तेल हातावर उडाले तर? नोंदलेल्या करारात प्रशिक्षणादरम्यानच्या इजेची भरपाई मालकावर कायद्याने येते. करार नसला की ‘हा आमचा माणूसच नव्हे’ इथपासून वाद सुरू होतो.

पाटो, पणजी इथल्या श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास संचालनालय आहे. पत्राची प्रत घेऊन या आठवड्यात तिथे जा. ‘हा महिना संपू दे’ करू नका. रोखीचा पुरावा महिन्यागणिक पातळ होतो. तोवर हजेरीचे आणि ड्युटी रोस्टरचे फोटो काढून ठेवा.

एजंट २५,००० रुपयांत पंचतारांकित हॉटेलात अप्रेंटिसशिप देतो म्हणतो. (साखळी)

एक रुपयाही देऊ नका. पोर्टलवरची नोंदणी फुकट असते.

करार नोंदलेला आहे, पण सात महिने किचनमध्ये फक्त कांदे आणि मासळी साफ करतो आहे. पुढचे कधी शिकवणार? (मडगाव)

करारासोबतचा अभ्यासक्रम वाचलात का? बहुतेक जण वाचत नाहीत. त्यातले कोणते भाग झाले नाहीत, त्यांची यादी करून एचआरला ईमेलने द्या. तोंडी सांगितलेले विरून जाते. उत्तर आले नाही तर अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे जा. नोकरी सोडल्यासारखे मध्येच घरी बसू नका. करार मोडण्याचे परिणाम आधी सल्लागाराकडूनच समजून घ्या.

तोवर मासळी साफ करतानाही लॉगबुक नीट भरा. ‘फिश कटिंग केले’ ही नोंद कुचकामी. अशी लिहा: इसवण (सुरमई) ६ किलो, दर किलोला ६०० रुपये, डोके, काटे, कातडे काढून ३.९ किलो, उतारा (हाती उरलेले मास) ६५ टक्के, खऱ्या मासाचा दर किलोला ९२३ रुपये, १८० ग्रॅमचे २१ पोर्शन, प्रत्येकी १६६ रुपये. उतारा ६० टक्क्यांपर्यंत खाली आला तर पाहा: सुरी बोथट होती, मासा पाणी सुटलेला होता की कापणाऱ्याने काट्यावर मास ठेवले? फूड कॉस्ट इथूनच सुरू होते, आणि मॅनेजरला महिनाअखेर याच आकड्याचा जाब द्यावा लागतो. शेजारी तापमानही टिपा: थंड पदार्थ ५ अंशांखाली, गरम ६० अंशांवर. पान भरले की त्याच दिवशी शेफची सही घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनाने मारलेल्या सह्या परीक्षकाला लगेच कळतात.

मुलीला फ्रंट ऑफिसला घेतले आहे. शिफ्ट रात्री ११ ला सुटते. लोक नको नको ते सांगतात. (काणकोण)

लोकांचे सोडा, हॉटेलला दोन गोष्टी विचारा. रात्री घरापर्यंत गाडी कोण देणार, हे लेखी. आणि अंतर्गत तक्रार समितीवर कोण कोण आहेत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अप्रेंटिसचाही समावेश आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ही समिती सक्तीची आहे. नावे सांगताना अडखळले तर कौशल्य विकास संचालनालयाशी बोलल्याशिवाय सही करू नका.

अप्रेंटिसशिपनंतर हॉटेलला नोकरी द्यावीच लागते ना? (डिचोली)

करारात तशी अट असेल तरच.

अप्रेंटिसशिपनंतर तारवटी (खलाशी) म्हणून क्रूझवर जायचे आहे. (वास्को)

जाता येते, पण आधी हॉटेलचा अनुभव बांधा. क्रूझ कंपन्या तो पाहतात. सुरक्षेचे एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय निकष) कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतच करा. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालणार नाही. परवानाधारकाला खलाशाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. मागितलेच, तर पासपोर्ट त्याच्या हाती देण्याआधी महासंचालनालयाकडे विचारणा करा.