घरातच गोठा, आणि भाडं भरणारं डुक्कर

प्रश्न : ताई, आयर्लंडमध्ये पूर्वी गाई म्हणे माणसं झोपतात त्याच घरात बांधायचे. वेगळा गोठा बांधायची पण ऐपत नव्हती का? आणि डुकराला कसलं तरी मानाचं नाव होतं ते काय?

उत्तर : बांधायचे, पण सगळीकडे नाही हं. पश्चिमेला मेयो, डोनेगल या भागात लांबट घरं असायची, आत एकच खोली, वरच्या अंगाला चूल आणि माणसं, उताराच्या अंगाला गाई, मधे शेणमूत वाहून जायला नाली. गरिबी होतीच, पण नुसतं गरिबी म्हणून सोडून दिलं तर त्यातली अक्कल दिसत नाही. थंडीपावसात गाईच्या अंगाची ऊब घराला, चुलीची ऊब गाईला, आणि रात्री गाय व्यायला लागली तर कंदील घेऊन बाहेर पळायला नको. गाईला चुलीतला विस्तव दिसला की दूध वाढतं असं पण मानायचे, आता ते खरं किती ते गाईलाच माहीत!

उन्हाळ्यात मात्र उलटं. मे लागला की गुरं डोंगरावर, ती ऑक्टोबर संपेपर्यंत, कारण खाली शेतात पिकं उभी असायची आणि कुंपणं फारशी नव्हती. सोबत तरुण पोरं, जास्त करून मुली, तिकडेच दगडामातीच्या झोपड्यांत राहून दूध काढायच्या, लोणी करायच्या. अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी अशी वस्ती होती, तिचे पडके अवशेष अजून बघायला मिळतात. धार काढताना गाईचे मागचे पाय दोरीने बांधायचे आणि गाणं म्हणायचे, म्हणजे ती शांत राहून पान्हा सोडते. आयरिश भाषेत मुलाला 'बूखल' म्हणतात ना, त्याचा मूळ अर्थच गुराखी, मला हे फार आवडतं.

३१ जानेवारीच्या रात्री एक कापड घराबाहेर ठेवायचे, त्यांची संत सेंट ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते म्हणून, आणि मग वर्षभर गाय अडली की ते तिच्या पाठीवर टाकायचे.

डुकराचं म्हणाल तर त्याला 'भाडं भरणारा जंटलमन' म्हणायचे. उकडलेले बटाटे, सालं, ताक घालून वाढवायचं आणि विकून जमीनदाराचं भाडं चुकवायचं, म्हणून लाड त्याचे सगळ्यात जास्त पण घरच्यांच्या ताटात तो क्वचितच. कोंबड्या बायकांच्या, अंड्यांचे पैसे पण त्यांचेच. खुडूक कोंबडीखाली १३ अंडी ठेवायची, त्यावर क्रॉसची खूण करून.

हे सगळं आपल्याला कळतं कारण १९३७ ते ३९ मध्ये शाळेतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायला सांगितलं होतं, सुमारे ५,००० शाळांमधून, आणि त्यात पाळीव जनावरांची देखभाल हा एक विषयच होता. पोरांनी हाका मारायच्या तऱ्हासुद्धा लिहून ठेवल्यात, वासराला 'सक सक', कोंबड्यांना 'चक चक', आणि आमच्या जंटलमनला 'हुरिश हुरिश'.