त्वचेचा ‘साधा’ कॅन्सर काही जणांत आक्रमक का होतो?

तुम्ही लिहिलंत, की ठाण्यातल्या तुमच्या काकांच्या कानावर स्क्वॅमस सेल कॅन्सर (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर) झाला, ‘हा बरा होतो’ असं सांगितलं गेलं, तरी मानेत गाठ आली. बहुतेकांचा हा कॅन्सर शस्त्रक्रियेने खरंच बरा होतो. पण जागेला फार महत्त्व आहे: कान आणि ओठांवरचा लसिकाग्रंथींत, म्हणजे मान-काखेतल्या प्रतिकारशक्तीच्या गाठींत, पसरण्याची शक्यता जास्त. त्वचेवरची मूळ गाठ २ सेंमीपेक्षा मोठी, चरबीच्या थराखाली गेलेली किंवा मज्जातंतूंच्या कडेने सरकलेली असेल तरीही तेच.

मुळात उन्हातले अतिनील किरण पेशीतलं टीपी५३ हे बिघडलेल्या पेशीला रोखणारं जनुक बिघडवतात. मग जी पेशी मरायला हवी ती वाढत राहते आणि तिच्यात नवे बिघाड साठत जातात. एरवी प्रतिकारशक्ती अशा पेशी टिपते. म्हणूनच किडनी बदललेल्यांत, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे, हा कॅन्सर जास्त उग्र होतो.

आणि आपल्याकडे हमखास दुर्लक्षित राहणारा प्रकार म्हणजे भाजल्याच्या जुन्या व्रणात कित्येक वर्षांनी उद्भवणारा. अशा व्रणावर न भरणारी जखम झाली तर मलमं लावत महिने घालवू नका, बायोप्सी करा.

काकांच्या बाबतीत मात्र थांबू नका. बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्लाइड घेऊन खारघरला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात दाखवा.